हँड गार्ड शोभेला नको, बोटांना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात रेनकोट कसला घ्यावा, टायरची नक्षी किती शिल्लक असावी, विजा चमकताना कुठं थांबू नये, असे लेख येतात. चांगले असतात. त्यातले काही कापून मी कारखान्याच्या नोटीस बोर्डावर लावतोही. पण दुचाकीवाल्याच्या हातांबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही, आणि पावसात गाडी चालवताना सगळ्यात आधी कामातून जातो तो हातच. सीमाप्रश्नावर, रस्त्यांवर, पाणीपुरवठ्यावर पत्रं लिहिणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. मी गाडीच्या हँडलवर, म्हणजे मुठीपुढं लावायच्या हँड गार्डवर लिहितोय. पत्र लांबलंय, काटछाट करायला आपण मोकळे आहात. फक्त रेस अडकण्याबद्दलचा मजकूर तेवढा कापू नये, ही विनंती.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये टर्नर आहे. घर जांबोटी भागात. दुसरी पाळी संपली की पिरनवाडीला डावीकडचा खानापूरचा रस्ता सोडायचा आणि किणयेच्या वाटेला लागायचं. हा रस्ता ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांना पावसाबद्दल सांगायला नको. बेळगावात भुरभुर असते तेव्हा कुसमळीच्या पुढं धो धो कोसळत असतो, आणि कणकुंबीला तर मलप्रभेचा उगमच. आमच्या खात्यात अथणीकडचा एक पोरगा आहे. तो जुलैत विचारतो, "काय ओ मामा, रोज भिजूनच येताय?" त्याच्या गावात त्याच दिवशी ज्वारीवाले आभाळाकडं बघत बसलेले असतात. एकाच जिल्ह्यात ही तऱ्हा. म्हणजे हे पत्र मुख्यतः जिल्ह्याच्या पश्चिम अंगाच्या लोकांसाठी: खानापूर, जांबोटी, लोंढा, नंदगडकडचे, चंदगडहून शिनोळीवरून रोज बेळगावला कामाला येणारे, आणि निपाणी-संकेश्वरचे हायवेवाले. गोकाक-अथणीकरांनी वाचलं तरी हरकत नाही, त्यांचीही गाडी कधी तरी गोव्याला जातेच.

लोकांना वाटतं हात गारठतात ते हिवाळ्यात. आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचावर आहे, तरी जुलैच्या रात्री पारा वीस अंशांच्या आसपास असतो, डिसेंबरपेक्षा वरच. मग बोटं का आखडतात? कारण हात ओला असतो आणि त्यावर गाडीच्या वेगाचा वारा असतो. पाणी हवेच्या मानानं वीस-पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून घेतं. शिवाय ओल्या कातडीवरून, ओल्या हातमोज्यावरून वाऱ्यानं पाणी उडतं तेही उष्णता घेऊनच जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला पाचशेहून जास्त कॅलरी लागतात आणि त्या तुमच्या बोटांतून जातात. शरीराचा स्वभाव असा की गारठा वाढला की छाती-पोट ऊबदार ठेवायचं आणि हातापायांच्या टोकांचं रक्त कमी करायचं. तरणा पाऊस असो की म्हातारा, अर्ध्या तासात करंगळी आपली राहत नाही.

याची परीक्षा मला कामावर पोचल्यावर होते. लेथवर हातमोजे घालता येत नाहीत, फिरत्या जॉबात, म्हणजे घडवायच्या तुकड्यात, मोजा ओढला गेला तर हातही जातो. तेव्हा भिजून आलेल्या उघड्या हातांनी बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर धरायचा. त्याच्या टोकाचा रॅचेट फिरवताना टिकटिक बोटाला लागली पाहिजे, त्यावरून दाब किती पडला ते कळतं. गारठलेल्या बोटांना ती टिकटिक कानानं ऐकू येते, बोटाला लागत नाही. ज्या बोटाला मायक्रोमीटर कळत नाही, त्याला ब्रेक लिव्हर तरी किती दाबला हे काय कळणार? ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक थोडा थोडा, जाणीवपूर्वक दाबायचा असतो. एकदम आवळला की चाक घसरतं, आणि उशिरा दाबला तर समोरच्या टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर जाऊन बसायचं. ताशी ५० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. बोटं वळायला अर्धा सेकंद उशीर झाला तर ७ मीटर तिथंच गेले.

कुणी म्हणेल, आता गाड्यांना एबीएस (ब्रेकनं चाक अडकू न देणारी यंत्रणा) आलंय. आलंय, खरं आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा) सक्तीचं झालं. पण आमच्या कारखान्याच्या स्टँडवर त्याआधीच्या गाड्या ओळीनं उभ्या आहेत आणि अजून दहा वर्षं तरी त्या हलत नाहीत. आणि एबीएस झालं तरी ते लिव्हर दाबल्यावर कामाला लागतं. दाबायचं बोटांनीच.

त्यातही उजव्या हाताचे हाल जास्त. डावा हात सरळ रस्त्यावर क्षणभर हँडलवरून काढून इंजिनाजवळ नेऊन शेकता येतो. सगळेच करतात, करू नये म्हणून सांगणारेही करतात. उजव्या हातात रेस आहे, तो सोडताच येत नाही. शिवाय आपण डावीकडून चालतो, त्यामुळं समोरून येणाऱ्या ट्रकनं खड्ड्यातलं पाणी उडवलं की पहिला फटकारा उजव्या मुठीवर. चोर्ल्याच्या रस्त्यावर रात्री भाजीचे आणि दुधाचे टेम्पो गोव्याला पळत असतात, त्यांच्याकडून हे तांबडं पाणी रोज मिळतं. पुढचा ब्रेक त्याच हातात.

आता बाजार. शहरातल्या कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात दोरीला टांगलेले हँड गार्ड दिसतात. लाल, पोपटी, कार्बनची नक्षी छापलेले, काहींत एलईडीची पट्टी. दुकानातला पोरगा "गट्टी ऐती री" (मजबूत आहे हो) म्हणत दोन्ही हातांनी वाकवून दाखवतो. वाकवून बघणं वाईट नाही, फक्त ते आपण स्वतः करावं. वाकवल्यावर फिकट रेघ उमटली पण प्लास्टिक पुन्हा सरळ झालं, तर ते लवचीक जातीचं, पॉलिप्रॉपिलीनसारखं आहे. गाडी पडली तरी दुमडून परत येईल. कडक, चकचकीत, टिचकी मारल्यावर टणटण वाजणारं प्लास्टिक पहिल्याच आपटीत टोकदार तुकडे होऊन तुटतं, आणि ते टोक नेमकं हाताकडं असतं.

पण गट्टी असणं हा पुढचा प्रश्न. आधी हे बघायचं की गार्ड कशासाठी बनवलाय. शर्यतीच्या मातीच्या ट्रॅकवरचे गार्ड समोरच्या गाडीच्या चाकातून उडणारे खडे अडवायला असतात. ते मुद्दाम लहान ठेवतात आणि हाताला हवा लागावी म्हणून त्यांना भोकं असतात. रानावनातून गाडी काढणाऱ्यांचे गार्ड फांद्यांसाठी असतात, त्यांच्या आत ॲल्युमिनियमची जाड पट्टी असते. लांबच्या प्रवासाचे गार्ड वारा-पाऊस अडवायला असतात आणि ते आकारानंच मोठे असतात. आपल्या बाजारात जो माल सर्वांत जास्त टांगलेला असतो तो पहिल्या जातीची नक्कल आहे. दिसायला झकास, पावसाला निरुपयोगी. एक्सपल्स, व्ही-स्ट्रॉम एसएक्स, ३९० ॲडव्हेंचर अशा गाड्यांना कंपनीतूनच गार्ड येतात आणि ते बघून आमची पोरं शंभर सीसीच्या गाडीला तसलेच दिसणारे लावतात. दिसण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. वयच ते. पण पैसे घालायचेच तर बोटं कोरडी तरी राहावीत.

पाऊस अडवणारा गार्ड ओळखायची साधी रीत सांगतो. दुकानात गार्ड हँडलला नुसता धरून ठेवायला सांगा, आपण गाडीवर बसा, दोन बोटं लिव्हरवर ठेवा, आणि सोबत्याला हेडलाइटपुढं चार पावलांवर वाकून उभं करा. त्याला तुमच्या मुठीचे सांधे दिसत असतील तर तो गार्ड पावसाचा नाही. समोरून माणसाला बोटं दिसतात, म्हणजे पावसालाही ती सापडतात. करंगळीकडची बाजू विशेष बघावी, बहुतेक गार्ड तिथंच तोकडे पडतात आणि वारा कडेवरून आत वळतो.

आमच्याकडं भाताच्या लावणीला बायका पूर्वी इरलं घेत. आता प्लास्टिकच्या खोळी आल्या. इरलं वर आणि पाठीवर रुंद, पुढून व खालून मोकळं, पाणी कडेनं ओघळून अंगापासून लांब पडायचं आणि हात कामाला मोकळे राहायचे. गार्डची ठेवण तशी हवी. वरची कड रुंद आणि थोडी चालवणाऱ्याकडं झुकलेली, खालून उघडा. काही गार्डना वर जोडायची वेगळी पट्टी मिळते, स्पॉयलर म्हणतात तिला. मिळत असेल तर घ्यावीच, पावसातला निम्मा फरक त्या चार बोटं उंचीच्या पट्टीनं पडतो. खालून बंद, वाटीसारखे गार्ड मात्र टाळावेत, त्यांत पाणी आणि चिखल साठून राहतो.

एका टोकाला बसणारे घ्यावेत की दोन टोकांना, यावर आमच्या चहाच्या टपरीवर कायम वाद असतो. एका टोकाचा गार्ड लिव्हरच्या क्लॅम्पजवळ किंवा आरशाच्या आट्यात बसतो. स्वस्त, पाच मिनिटांत बसणारा, पण खड्ड्यात आदळलं की हळूहळू फिरतो आणि गाडी पडल्यावर लिव्हर वाचवत नाही. दोन टोकांच्या गार्डची पट्टी आत हँडलला आणि बाहेर हँडलच्या टोकात पक्की होते. गाडी आडवी झाली तरी लिव्हर वाचतो. आमच्या रस्त्याला तांबड्या मातीचा राडा, त्यात ठिकठिकाणी मोबाईलला रेंज नाही. क्लच लिव्हर तुटून रात्री बाराला जंगलात उभं राहिल्यावर त्या पट्टीची किंमत कळते. काही जाणकारांना दोन टोकांचे गार्ड पसंत नाहीत, पडताना हात आत अडकेल म्हणतात. जंगलात शर्यत खेळणाऱ्यांचं तसं असेलही. कामावर जाणाऱ्यानं जांबोटी, रामनगर, अनमोडकडच्या रस्त्याला दोन टोकांचेच घ्यावेत, असं माझं मत. नुसतं टिळकवाडी ते उद्यमबाग करणाऱ्याला एका टोकाचे पण मोठे पुरतात.

आता तो मजकूर, जो कापू नये म्हटलं. दोन टोकांचा गार्ड बसवताना उजवीकडं एक धोका आहे आणि तो बसवणारे सांगत नाहीत. आपली रेसची मूठ म्हणजे हँडलच्या नळीवर सैल फिरणारी प्लास्टिकची नळी. साध्या गाड्यांना मुठीच्या रबराचं टोक बंद असतं; गार्ड बसवायला ते कापून हँडलची नळी उघडी करतात, तिच्यात फुगणारा बुश घालतात आणि बाहेरून गार्डची पट्टी बोल्टनं आवळतात. पट्टी मुठीच्या टोकाला घासेल इतकी आवळली गेली, तर मूठ पट्टी आणि आतल्या स्विचच्या डबीमध्ये दाबली जाते. मग रेस दिली की परत येत नाही. आमच्या खात्यातल्या एका पोराला शहरातल्या एका दुकानात असेच गार्ड बसवून दिले. गेटमधून बाहेर पडला, रेस दिली, सोडली, इंजिन तसंच भणाणत राहिलं. त्यानं क्लच दाबून किल्ली फिरवली म्हणून वाचला, समोर रस्त्यावर बस उभी होती.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही ते उघडलं. मुठीच्या रबरावर पट्टीच्या कडेचा चंद्रकोरीसारखा वळ उठला होता, आणि कापलेल्या रबराचा भुसा ग्रीसमध्ये कालवून नळीत गेला होता. ग्रीस कुणी भरलं कोण जाणे, तिथं ग्रीस भरायचं नसतं. माती धरतं आणि थंडीत जड होतं. नळी पुसून कोरडी केली. ॲल्युमिनियमच्या बारमधून एक स्पेसर काढला, पट्टी आणि मूठ यांच्यामध्ये जागा राहील असा. फट मोजायच्या फीलर गेजच्या एक-एक मिलिमीटरच्या दोन पात्या एकत्र करून त्या फटीत फिरवल्या, चारी बाजूंनी सैल गेल्या, मग बोल्ट आवळला. ज्यांच्याकडं फीलर गेज नाही त्यांनी एटीएम कार्ड आणि प्लास्टिकचं आधार कार्ड एकत्र धरून घालावं, दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या आसपास भरतात. तेवढी फट पुरे. नाही गेलं तर गाडी घेऊ नका.

गाडी ताब्यात घेण्याआधी आणखी काही गोष्टी तिथंच, दुकानाच्या पायरीवर करून बघाव्यात. इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये हँडल पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं वळवा. इंजिनाचा आवाज वाढला तर गार्डच्या क्लॅम्पनं रेसची केबल ओढली किंवा चेपली आहे. दोन्ही टोकांना रेस देऊन सोडा, मूठ टक्कन परत आली पाहिजे. हँडल वळवताना गार्ड टाकीला, व्हायजरला किंवा तुमच्या गुडघ्याला लागतो का बघा. ब्रेक लिव्हर पूर्ण दाबा आणि सोडा. सोडल्यावर मागचा ब्रेकचा दिवा विझला पाहिजे. लिव्हरजवळच्या बारीक वायरी क्लॅम्पखाली सापडल्या की तो दिवा जळतच राहतो आणि मागच्याला तुम्ही ब्रेक मारला की नाही हे कधीच कळत नाही. शेवटी लिव्हर आणि गार्ड यांच्यामध्ये हातमोजा घातलेलं बोट आरामात गेलं पाहिजे. मेस्त्री घाईत असतो, "काय होत नाही ओ, बसतंय बघा बरोबर" म्हणतो. त्याला म्हणू द्यावं आणि आपण तपासावं.

बोल्टबद्दल थोडं, कारण तो माझा प्रांत. गार्डबरोबर येणारे बोल्ट बहुतेक ६ मिलिमीटरचे, ५ नंबरच्या ॲलन कीचे, आणि लोखंडाला वरवर पांढरा मुलामा दिलेले असतात. एका पावसाळ्यात मुलामा जातो, गंज चढतो, ॲलन की आत गोल फिरायला लागते आणि मग बोल्टचं डोकं ड्रिलनं उडवावं लागतं. सुरुवातीलाच स्टेनलेसचे बोल्ट आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) नट घालावेत. ॲल्युमिनियमच्या पट्टीत कुठलाही पोलादी बोल्ट जाताना आट्यावर ग्रीसचं बोट फिरवावं. दोन वेगळ्या धातूंमध्ये सतत पाणी राहिलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि बोल्ट आत धरून बसतो. ग्रीस हवं ते इथं, रेसच्या नळीत नको. आणि ६ मिलिमीटरच्या बोल्टला अंगातली ताकद दाखवू नये.

स्कूटरवाल्यांचं कुणी बोलतच नाही. खानापूर भागातल्या शाळांत जाणाऱ्या शिक्षिका, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, बँकेतल्या मुली, या बहुतेक स्कूटरवर. स्कूटरला पुढून पत्रा असतो म्हणून पाय कोरडे राहतात, हात मात्र उघडेच. आणि स्कूटरला पायाचा ब्रेकच नाही! दोन्ही ब्रेक बोटांवर. म्हणजे गार्डची खरी गरज मोटारसायकलपेक्षा तिथं जास्त, आणि बाजारात स्कूटरचे गार्ड बघितले तर हाताच्या तळव्याएवढे. ते आरशाच्या आट्यात बसतात. तिथं दोन गोष्टी बघाव्यात. आरशाचा दांडा कुठं ८ मिलिमीटरचा असतो, कुठं १० चा. दुकानदार मोठं भोक लहान दांड्याला वॉशर घालून चालवतो, मग आरसा आणि गार्ड दोन्ही डुलतात. दुसरं, यामाहाच्या गाड्यांना उजव्या आरशाचा आटा उलटा असतो. ते माहीत नसलेला मेस्त्री जोर लावून आटाच खाऊन टाकतो.

सीट कव्हर शिवणारे हँडलवर चढवायचे रेक्झिनचे कव्हर शिवून देतात, हात त्यात कोपरापर्यंत घालायचे. ऊब त्यात सगळ्यात जास्त, हे मान्य. पण वेग वाढला की वाऱ्यानं रेक्झिन दबून लिव्हरवर टेकतं आणि ब्रेक नकळत घासत राहतो. इंडिकेटरचं बटण दिसत नाही, हॉर्न चाचपडावा लागतो, आणि तोल गेला तर हात वेळेवर बाहेर येत नाही. दूधवाल्याला दर दहा घरांना उतरायचं असतं, त्यानं हात किती वेळा घालायचे आणि काढायचे? मला ते पसंत नाहीत. त्यापेक्षा आमच्याकडचे काही लोक इंजिन ऑइलचा पाच लिटरचा रिकामा कॅन उभा चिरून, कडा घासून, त्याचे दोन पत्रे जुन्या लहान गार्डवर रिव्हेटनं ठोकतात. दिसायला काहीच नाही, पण पाऊस अडतो, खर्च शून्य. कडा नीट घासलेल्या आणि पत्रा लिव्हरपासून लांब, एवढं बघितलं तर माझी त्याला पूर्ण मान्यता आहे.

गार्ड लावला म्हणून हातमोजे सुटले असं नाही, पण हलके चालतात. पाऊस थेट बोटांवर येत नसला की जाड मोजाची गरज राहत नाही, आणि पातळ मोजात लिव्हर कळतो. रेनकोटची बाही मोजाच्या वरून असावी. मोजाचा मनगटपट्टा बाहीवर चढवला की बाहीवरून ओघळलेलं सगळं पाणी मोजात उतरतं. दुधाच्या पिशव्या हातांना गुंडाळून वर रबर लावणारेही रोज भेटतात. पिशवी मुठीवर घसरते, ओल्या प्लास्टिकला पकड नसते. पिशवी घालायचीच तर मोजाच्या आत घालावी.

गर्दीत गार्ड आडवे येतात, ही तक्रार थोडी खरी आहे. रेल्वे गेटला फाटक उघडलं की दोन्हीकडून जी झुंबड उडते तिच्यात हँडलला हँडल लागतं, आणि दोन टोकांच्या गार्डनं दोन्ही बाजूंना बोटभर रुंदी वाढते. पण त्याच गर्दीत शेजारच्या गाडीचा आरसा तुमच्या ब्रेक लिव्हरवर घासायचा वाचतो. मोटोजीपीच्या शर्यतीत ब्रेक लिव्हरच्या बाहेरून संरक्षक पट्टी लावणं सक्तीचं आहे ते याच कारणानं, चाकाला चाक लावून पळताना दुसऱ्यानं आपला ब्रेक दाबू नये. गेटवरची आपली शर्यत काही कमी नाही. एलईडी असलेले गार्ड मात्र घेऊ नयेत. पाणी शिरून ते लुकलुकायला लागतात आणि समोरच्याला वाटतं तुम्ही वळताय. कधी कधी त्यांच्या वायरिंगमुळं फ्यूज जातो आणि हॉर्न, इंडिकेटर सगळंच गप्प.

गॅरेजवाल्या मंडळींना माझी विनंती एवढीच की गार्ड बसवल्यावर गिऱ्हाइकाला किल्ली देण्याआधी हँडल दोन्हीकडं वळवून रेस सोडून दाखवावी, त्याला अर्धा मिनिट लागतो. आणि उद्यमबाग, मच्छे, काकती इथल्या कारखानदारांनी पावसाळ्याचे चार महिने भिजलेले मोजे आणि रेनकोट वाळवायला कंप्रेसरच्या खोलीत एक तार बांधू द्यावी. तिथं गरम हवा फुकट वाया जात असते. पाळी सुटताना कोरडा मोजा मिळाला तर गार्डचं निम्मं काम झालंच. आम्ही मागितली होती; "सेफ्टीला विचारून सांगतो" असं उत्तर मिळालं, तेव्हापासून सेफ्टीला विचारणं चालू आहे.

राहिलं एक. बऱ्याच साध्या गाड्यांच्या हँडलची नळी मुठीजवळ २२ मिलिमीटरची असते आणि बाजारातले काही क्लॅम्प जाड हँडलसाठी २८ च्या मापाचे येतात. दुकानदार मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून देतो. ती पावसात सरकते आणि गार्ड हळूहळू खाली मान टाकतो. असं झालं असेल तर जवळच्या कुठल्याही टर्नरकडून नायलॉनचा बुश करून घ्यावा: आतला व्यास २२, बाहेरचा तुमच्या क्लॅम्पच्या मापाचा, लांबी क्लॅम्पच्या रुंदीएवढी, आणि एका बाजूनं उभी चीर, म्हणजे मूठ न काढता हँडलवर चढतो. क्लॅम्प सोबत न्यावा, तोंडी माप सांगू नये. आणि भावात घासाघीस करू नये, एवढासा तुकडा लेथवर धरायलाच वेळ जातो.

आपला वाचक,
एक टर्नर,
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव